नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंडात, बायको कुडाळात

प्रश्न : गेल्या वैशाखात माझं लग्न झालं. नवरा गोव्यातल्या पेडण्याचा. सासरे पोर्तुगीज राजवटीत जन्मले, त्यामुळे ह्यांची जन्मनोंद लिस्बनला होऊन 3 वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. भारतीय पासपोर्ट त्यांनी रीतसर जमा केला. दीड वर्ष ते आयर्लंडमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये आहेत, आठवड्याला 25 तास काम, 6 जणांत मिळून एक घर. एक एजंट म्हणतो, स्पाउस व्हिसाला बँकेत 10 लाख दाखवा, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या. नाही जमत तर टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिकडे बघू. त्यात ह्यांच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि विवाह दाखल्यावर दुसरंच. तिथे गेल्यावर पोर्तुगालला जाता येईल का? नणंद इंग्लंडात स्विंडनला असते, तिच्याकडे? आणि आईला एकच घोर लागलाय : तिकडे काही बिनसलं तर पोरीने जायचं कुठे?
— स. ना., कुडाळ

उत्तर : ताई, एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. 10 लाखांची शिल्लक आणि आयईएलटीएस या अटी तुम्हाला लागूच होत नाहीत. तुमचं प्रकरण युरोपीय संघाच्या 2004/38 या निर्देशाखाली, म्हणजे सदस्य देशांना पाळाव्या लागणाऱ्या संघाच्या कायद्याखाली, येतं, आणि आयर्लंडने तो 2015 च्या नियमावलीतून आपल्या कायद्यात आणला आहे. संघातल्या एका देशाचा नागरिक संघातल्याच दुसऱ्या देशात जाऊन राहिला, तर त्याच्या बायकोला, मग ती कुठल्याही देशाची असो, त्याच्यासोबत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो. पोर्तुगीज माणूस आयर्लंडमध्ये नोकरी करतो, म्हणजे नेमकी हीच स्थिती. ऐकायला नवल वाटेल, पण आयरिश माणसाच्या भारतीय बायकोला आयर्लंडचे स्वतःचे नियम लागतात आणि ते जास्त कडक आहेत. तुमचा नवरा तिथे परदेशी आहे, म्हणूनच तुमची बाजू भक्कम आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा हक्क तुमच्या नवऱ्याच्या तिथल्या राहण्यावर आणि कामावर टांगलेला आहे. अधिकारी तीनच गोष्टी तपासतो : हा माणूस युरोपीय नागरिक आहे का, ही बाई खरंच त्याची बायको आहे का, आणि तो खरंच आयर्लंडमध्ये राहून काम करतो का. अर्ज अडतात ते बहुतेक या तिन्हींच्या सांध्यात, म्हणजे एका कागदावरचं नाव, तारीख किंवा पत्ता दुसऱ्याशी जुळत नाही तिथे.

म्हणून आधी आडनाव. गोव्यातल्या हिंदू घरांत हा घोळ नेहमीचा आहे. पोर्तुगीज नोंदींत नाईकांच्या शेवटी के नसतो, क्यू-यू-ई असतं. कामतांचं कामोतिम होतं, प्रभूंचं पोरोबो, शेणव्यांचं सिनाय. लिस्बनची नोंद गोव्यातल्या जुन्या जन्मनोंदीवरून होते, म्हणून पासपोर्टवर तेच स्पेलिंग उतरतं. इकडे विवाह नोंदवताना मात्र आधार कार्ड नाहीतर शाळेचा दाखला पुढे केला जातो, त्यावर सरळ के. डब्लिनमध्ये टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ही दोन आडनावं एकच आहेत हे कळायला काही मार्ग नाही. त्याच्या लेखी तुमचं लग्न तिसऱ्याच कुणाशी झालं आहे.

उपाय दोन. पहिला आणि उत्तम : ज्या निबंधकाकडे विवाह नोंदवला (गावात असेल तर ग्रामसेवक) त्याच्याकडे पासपोर्ट दाखवून दाखल्यावर नवऱ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून मागा. ते होत नसेल तर दुसरा : दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र. पण नुसतं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं, सोबत साखळी जोडा. गोव्याचा जन्मदाखला, लिस्बनच्या जन्मनोंदीचा उतारा, रद्द केलेला जुना भारतीय पासपोर्ट आणि तो जमा केल्याचं प्रमाणपत्र. जुन्या पासपोर्टवर के, नव्यावर क्यू, आणि जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं दोन्हीकडे तीच : हे चार कागद शेजारी शेजारी ठेवले की शंकेला जागा उरत नाही. आईवडिलांच्या नावांची स्पेलिंगंही त्याच वेळी तपासा. तिथेही हाच प्रकार झालेला असतो.

तुमचं स्वतःचं आडनाव? माझं मत विचाराल तर आत्ता बदलू नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, विवाह दाखला दोन नावांना जोडतो. बदलायला गेलात की नवऱ्याचं आडनाव कुठल्या स्पेलिंगने लावायचं हा नवा प्रश्न उभा राहील आणि पदवीच्या प्रमाणपत्रापासून बँकेपर्यंत सगळं पुन्हा.

दाखला राज्य सरकारकडून पडताळून परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, करून घ्या. भारत आणि आयर्लंड दोन्ही देश त्यासाठीच्या हेग करारात असल्याने दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची भानगड राहत नाही. एखादा कागद फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. तुमचं लग्न पोर्तुगालमध्येही नोंदवून घ्या असं सुचवते. आयर्लंडला जायला कायद्याने ती अट नाही आणि त्यासाठी अर्ज थांबवू नका. पण नोंद नसेल तोवर नवऱ्याच्या पोर्तुगीज कागदांवर तो अविवाहितच दिसतो, आणि दोन सरकारी कागद एकमेकांना खोटं पाडत असतील तर प्रश्न विचारले जाणारच.

आता नवऱ्याची बाजू. आठवड्याला 25 तास कमी पडतील का, ही तुमची भीती काढून टाका. 'कामगार' ठरायला पगाराची किमान मर्यादा नाही. काम खरं आणि नियमित हवं, नावापुरतं नको. युरोपीय न्यायालयाने 1986 मध्ये केम्प्फ खटल्यात नेदरलँड्समध्ये आठवड्याला 12 तास संगीत शिकवणाऱ्या जर्मन शिक्षकालाही कामगार मानलं होतं. पण हे काम कागदावर दिसायला हवं. रोख हातात घेतलेला पगार इथे शून्य. नेमणुकीचा करार, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, तो पगार ज्यात जमा झाला त्या बँक खात्याचा उतारा, आणि तिथल्या करखात्याच्या, म्हणजे रेव्हेन्यूच्या, संकेतस्थळावरून निघणारा वर्षाचा नोकरी-तपशील. चारही ठिकाणी मालकाचं नाव एकच असलं पाहिजे. हॉटेलचं पाटीवरचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असेल तर मालकाकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

घराचा पत्ता हे तुमच्या प्रकरणातलं सर्वात कच्चं ठिकाण आहे. 6 जणांच्या घरात भाडेकरार बहुतेक एकाच्याच नावावर असतो, बाकीचे त्याला पैसे देतात. अशा मुख्य भाडेकरूचं 'हा माझ्याकडे राहतो' हे पत्र एकटं पुरत नाही. नवऱ्याने आजच घरमालकाला करारात आपलं नाव घालायला सांगावं. तो तयार नसेल तर त्याच पत्त्यावर आलेली करखात्याची पत्रं, बँकेचा उतारा, हॉटेलमालकाचं पत्र, मोबाइलचं बिल असे निरनिराळ्या ठिकाणचे कागद गोळा करावेत आणि भाडं रोख न देता खात्यातून द्यावं. खरं तर तुम्ही जाणार म्हणजे 6 जणांतली एक खाट पुरणार नाही. दोघांना खोली मिळणं आयर्लंडमध्ये आज व्हिसापेक्षा कठीण आहे; घराचा शोध तुमच्या अर्जाच्या आधी सुरू व्हायला हवा.

एवढी तयारी झाली की व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, आयर्लंडचाच लागतो. अर्ज त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शेवटी निघणारा सारांश छापून सही करायची आणि तो मूळ कागदांसोबत द्यायचा. कारण लिहिताना पर्यटन नको : युरोपीय नागरिक असलेल्या पतीकडे कायद्याने मिळालेल्या हक्काने राहायला जाते आहे, असंच स्पष्ट. सोबत एका पानाचं पत्र जोडा. त्यात नवऱ्याचं नागरिकत्व, तो आयर्लंडमध्ये कधीपासून राहतो, कुठे काम करतो, लग्नाची तारीख व ठिकाण, तुम्ही त्याच्याकडे राहायला जात आहात आणि अर्ज 2004/38 निर्देश व 2015 च्या आयरिश नियमांखाली आहे, एवढंच. नावांचा फरक असेल तर तो लपवू नका. पत्रातच एका परिच्छेदात सांगा आणि कुठला कागद काय सिद्ध करतो ते लिहा. या व्हिसाला शुल्क नाही, आणि निर्णय लवकरात लवकर, वेगळ्या जलद पद्धतीने द्यायचा असं निर्देश सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून परत न मिळणारं तिकीट आधी काढू नका. पहिल्या खेपेला दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे जा, म्हणजे लंडनच्या ट्रान्झिट व्हिसाचं वेगळं झेंगट मागे लागणार नाही.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला का वाईट, हेही सांगते, कारण एजंट तुम्हाला अर्धं सत्य सांगतो आहे. डब्लिनहूनच गेलेल्या मेटॉक खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये ठरवलं, की बायको किंवा नवरा देशात कसा आला, लग्न कधी आणि कुठे झालं, यावर हा हक्क अवलंबून नाही. ते खरंच आहे. पण पर्यटनासाठी जाते असं सहीनिशी लिहून मनात राहायला जायचं असेल तर ते खोटं निवेदन होतं. तुमचं लग्न खरं आहे. त्याला पहिल्याच कागदावर खोट्याचा डाग कशाला?

ठरवून झालेल्या लग्नांबाबत आणखी एक. काही जण वधू-वर सूचक मंडळातून किंवा नातेवाइकांमार्फत जमलेलं लग्न 'प्रेमविवाह' म्हणून रंगवतात, का तर युरोपीय माणसाला पटेल. असं करू नका. पत्रिका जुळवून, दोन भेटींत ठरलेलं लग्न बेकायदा किंवा दिखाऊ ठरत नाही. व्हिसासाठीच केलेलं लग्न दिखाऊ ठरतं. स्थळ कोणी आणलं, पाहायला कधी आले, साखरपुडा कुठे झाला, हे जसं घडलं तसं सांगा. दोघांना वेगवेगळं विचारलं तरी तारखा सारख्या यायला हव्यात. आतापासून कॉलच्या नोंदी, घरी पाठवलेले पैसे, त्याच्या सुट्टीतली तिकिटं जपून ठेवा.

व्हिसा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. 2 महिन्यांच्या आत लेखी अपील करता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. अपिलात रागाचं पत्र नको. प्रत्येक कारणाला एकेक कागद.

डब्लिनला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मिळेल आणि पहिले 3 महिने राहायला अडचण नाही. त्याच मुदतीत रेसिडेन्स कार्डाचा अर्ज करायचा. फॉर्मचं नाव ईयू-1. ईयू-1ए नावाचा जुळा फॉर्म आहे, तो लिव्ह-इन जोडीदार आणि दूरच्या नातेवाइकांसाठी. घाईत तो भरू नका. अर्ज पोचल्यावर तात्पुरती परवानगी मिळते आणि तिच्यावर नोकरीही करता येते. कार्ड अर्जापासून 6 महिन्यांत द्यावं असा नियम आहे. या काळात घर बदललं किंवा नवऱ्याने नोकरी बदलली तर लगेच कळवा. जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र न मिळाल्याने मुदत चुकते आणि चांगली चांगली प्रकरणं तेवढ्यावर बंद होतात. मंजुरीनंतर मिळणारं कार्ड साधारण 5 वर्षांचं, त्यावर स्टॅम्प 4 ईयू-फॅम (युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाची परवानगी) असं लिहिलेलं. इतर परदेशी लोक नोंदणी कार्डाला 300 युरो भरतात, तुम्हाला ते मोफत आहे. वर्षात 6 महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नका. बाळंतपण किंवा गंभीर आजारपण असेल तर एकदा सलग 12 महिन्यांपर्यंत चालतं. सलग 5 वर्षं झाली की कायम वास्तव्याचा हक्क लागतो.

फिरण्याचं म्हणाल तर ते कार्ड हातात येईपर्यंत थांबा. अर्जाच्या पोचपावतीवर किंवा तात्पुरत्या परवानगीवर शेंगेनमध्ये शिरता येत नाही; त्याआधी जायचंच झालं तर शेंगेन व्हिसा काढावा लागेल, तोही तुम्हाला शुल्काशिवाय. कार्ड आलं की नवऱ्यासोबत किंवा त्याच्याकडे जाताना फ्रान्स, स्पेन, इटलीला 3 महिन्यांपर्यंत व्हिसा नको. एकट्या मैत्रिणींसोबत पॅरिसला निघालात तर मात्र हवा, कारण कार्ड शेंगेनबाहेरच्या देशाचं आहे. पोर्तुगाल हा नवऱ्याचा स्वतःचा देश, त्यामुळे तिथे हा नियम लागतो का, अशी शंका रास्त आहे. 2014 च्या मॅकार्थी खटल्यात ती मिटली : स्पेनमध्ये राहणाऱ्या जोडप्यातला नवरा ब्रिटिश, बायको कोलंबियाची, तिचं स्पॅनिश कार्ड ब्रिटनने (ते तेव्हा संघात होतं) मान्य केलं पाहिजे असा निकाल लागला. उद्या दोघं आयर्लंडमध्ये खरोखर राहून मग पोर्तुगालला कायमचे गेलात तरी हा हक्क सोबत येतो. 1992 साली सुरिंदर सिंग या भारतीय नवऱ्याच्या खटल्यात ते ठरलं. कोर्टात ठरलेलं विमानतळावरच्या काउंटरला माहीत असतंच असं नाही. म्हणून विवाह दाखला आणि नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

स्विंडनचं उत्तर सरळ आहे : ब्रिटिश व्हिजिटर व्हिसा लागेल. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर 31 डिसेंबर 2020 ला हा मार्ग संपला आणि आयर्लंडचं कार्ड तिथे चालत नाही. डब्लिनहून बेलफास्टला बस जाते, वाटेत फाटक नाही, चौकी नाही, म्हणून लोक सहज चढतात. बेलफास्ट ब्रिटनच्या हद्दीत येतं. व्हिसाशिवाय जाणं बेकायदा आहे, आणि असा एक प्रसंग पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

आता आईच्या प्रश्नाकडे. तो तुम्ही शेवटी लिहिलात, मला सर्वात महत्त्वाचा वाटला.

नवऱ्याची नोकरी गेली तर लगेच घाबरू नका. वर्षाहून जास्त काम केलेलं असेल, नोकरी स्वतःहून सोडलेली नसेल आणि त्याने रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं असेल तर त्याचा कामगाराचा दर्जा टिकतो, तुमचाही हक्क टिकतो. वर्षापेक्षा कमी काम असेल तर निदान 6 महिने. नोंदणी मात्र ताबडतोब हवी.

भांडण होऊन वेगळे राहिलात, तेवढ्याने हक्क जात नाही. कायद्याने लग्न टिकून आहे तोवर तुम्ही त्याची बायकोच आहात. घटस्फोट झाला तर तो मागण्याआधी लग्नाला 3 वर्षं आणि त्यातलं किमान 1 वर्ष आयर्लंडमध्ये झालेलं असेल, तर तुमचा हक्क स्वतंत्रपणे चालू राहतो. नवऱ्याचं बरंवाईट झालं तर त्याआधी तुमचं 1 वर्ष तिथे झालेलं हवं. मारहाण, छळ झाला असेल तर 3 वर्षांची अट नाही.

खरा धोका असतो तो नवरा आधी देश सोडून जाण्यात. 2015 साली आयर्लंडमधूनच गेलेल्या कुलदीप सिंग खटल्यात हेच झालं. युरोपीय बायको आयर्लंड सोडून गेली, घटस्फोटाचा अर्ज नंतर झाला, आणि नवऱ्याचा हक्क ती गेली त्या दिवशीच संपला असं न्यायालय म्हणालं. गोव्याची माणसं कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात सहज सरकतात, म्हणून हे तुम्हाला आवर्जून सांगते : नवरा जर्मनीला किंवा इंग्लंडला निघाला आणि तुम्हाला मागे ठेवतोय असं दिसलं, तर तो तिथे असतानाच वकील गाठा. छळाच्या प्रकरणात 2021 च्या एका निकालाने हा काटेकोरपणा सैल केला आहे. तिथेही घटस्फोटाची कारवाई वाजवी मुदतीत सुरू करावी लागते.

आणि स्वतंत्र हक्क मिळाला तरी तो टिकवायला तुमची स्वतःची नोकरी किंवा पुरेसा पैसा आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. म्हणून परवानगी आली की पीपीएस क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) काढा, स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा, आणि घरकाम एके घरकाम करत बसू नका. अर्धवेळ का होईना, पगार बँकेत येणारं काम धरा. नवऱ्याच्या पासपोर्टची, पगाराच्या स्लिपांची, भाडेकराराची एक प्रत दर काही महिन्यांनी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवत जा, आणि ती त्याच्याकडून उघडपणे मागून घ्या. वेळ आली तर अधिकारी हे कागद तुमच्याकडेच मागतील, आणि तेव्हा ते देणारा माणूस घरात नसेल. नवऱ्याला हे कसं सांगायचं असं वाटत असेल तर हे उत्तर त्यालाच वाचायला द्या. कार्डाच्या अर्जाला हेच कागद लागतात, त्यामुळे एकदा गोळा करताना दोन संच केले की झालं.